रिकामं चाललेलं इंजिन

मागच्या सीझनला इथे अमेरिकेत एका काउंटी फेअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेत, माझं शेतकामाचं जुनं पेट्रोल इंजिन चालू करून मी बाजूला घडीच्या खुर्चीवर बसलो होतो. ऑगस्टचं ऊन, खाली वाळलेलं गवत, आणि रांगेत सगळी आमच्यासारख्या येड्यांची शंभरीतली इंजिनं, प्रत्येकाचा ताल वेगळा. एक आजोबा काठी टेकत आले, नव्वदीच्या आसपासचे असतील. बाकी लोक येतात ते आधी मोबाईल काढतात, फ्लायव्हीलचा, म्हणजे बाजूच्या त्या जड चाकाचा, व्हिडिओ घेतात, मग विचारतात कोणत्या सालचं. यांनी इंजिनाकडे नीट बघितलंसुद्धा नाही, मान खाली घालून नुसतं ऐकत उभे राहिले. धप्प. मग फुस्स, फुस्स, फुस्स, फुस्स, असं बराच वेळ. परत धप्प. मी आतून खूश, कारण दोन ठोक्यांमधलं अंतर जितकं लांब तितकं इंजिन चांगलं जुळलंय असं आमच्यात मानतात, आणि त्या दिवशी माझं अगदी मस्त लागलं होतं. आजोबा म्हणाले, "रिकामंच चाललंय की हे." मी म्हटलं, हो, प्रदर्शनच आहे. तर म्हणाले, "आमच्या घरी हा असा आवाज आला ना, की वडील गोठ्यातून ओरडायचे. पट्टा निसटला असेल नाहीतर मका संपला असेल, जा पळ, पेट्रोल जळतंय फुकट." हसले, हॉपरच्या, म्हणजे इंजिनावरच्या पाण्याच्या हौदाच्या, कडेला बोटं लावून पाणी किती तापलंय ते बघितलं आणि लिंबू सरबताच्या गाडीकडे गेले.

एवढंच. पण ते डोक्यातून जाईना.

ज्यांनी हिट-अँड-मिस इंजिन ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण सगळी गंमत त्या आवाजातच आहे. आपल्या नेहमीच्या इंजिनात वेग कमी करायचा तर आत जाणारं मिश्रण कमी करतात, ठोके पडत राहतात, फक्त हलके पडतात. या इंजिनाला असला हलका-भारी प्रकार माहीतच नाही. मारायचा तर पूर्ण ठोका, नाहीतर अजिबात नाही. फ्लायव्हीलवर बसवलेली गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि एक खटका पुढे सरकून पुशरॉडला, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलून उघडणाऱ्या दांड्याला, पकडून ठेवतो. पुशरॉड अडकला की एक्झॉस्टचा, धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. आता इनटेकचा, मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह बिचारा पिस्टनच्या ओढीनेच उघडणारा, अगदी नाजूक स्प्रिंगवर बसलेला, आणि एक्झॉस्ट उघडा असेल तर आत ओढच तयार होत नाही, म्हणून तो उघडत नाही, पेट्रोल आत येत नाही, माझ्या इंजिनात तर पुशरॉडच ठिणगी पाडणाऱ्या इग्नायटरला टिचकी मारतो त्यामुळे ठिणगीही पडत नाही. दोन जाडजूड फ्लायव्हील आपल्या जोरावर फिरत राहतात, पिस्टन नुसता मागेपुढे होतो, उघड्या एक्झॉस्टमधून हवा आत-बाहेर, तेच ते फुस्स फुस्स. वेग जरा उतरला की खटका सुटतो, इनटेक फडफडतो, इग्नायटर टक करतो आणि धप्प. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सशिवाय, चार लोखंडी तुकडे आणि दोन स्प्रिंगांवर हे जमवलंय. मला अजूनही ते बघताना हसू येतं, कौतुकाचं.

म्हणजे आजोबा जे बोलले ते यंत्रशास्त्राच्या हिशेबाने शंभर टक्के बरोबर होतं. ज्या फुस्स फुस्सवर आम्ही जीव टाकतो, ते इंजिन बेकार, म्हणजे बिनकामाचं बसलेलं, असल्याचं लक्षण. पूर्ण काम लावलं तर खटक्याला पकडायची वेळच येत नाही, प्रत्येक चक्राला ठोका पडतो, आणि मग ते बऱ्यापैकी इतर इंजिनांसारखंच ऐकू येतं. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. अशी इंजिनं खोलून जोडण्यात मी इतकी वर्षं घालवलीत, खटका कसा चालतो हे झोपेत सांगेन. पण माहीत असणं वेगळं आणि कुणीतरी "पळ, फुकट जळतंय" म्हणणं वेगळं.

लहानपणी गावच्या पिठाच्या गिरणीत डिझेल इंजिन होतं, त्याची पुक पुक लांबून ऐकू यायची. आई घरातूनच सांगायची, "आता दळण संपलं बघ त्याचं, आपला डबा घेऊन जा." तिला इंजिनाचं काही कळत नव्हतं, पण ओझं उतरलं की आवाज सैल होतो हे कानाला कळायचं. तेच हे. त्या आजोबांचे वडील आणि माझी आई, दोघांनाही आवाजातून काम ऐकू यायचं. मला मात्र आवाजच ऐकू येतो.

माझं इंजिन 'हायर्ड मॅन', सव्वादोन हॉर्सपॉवरचं, आयोवातल्या वॉटर्लूच्या असोसिएटेड मॅन्युफॅक्चरर्स कंपनीचं. त्यांचंच पावणेदोन हॉर्सपॉवरचं धाकटं भावंड 'चोअर बॉय' नावाने विकलं जायचं. गडी आणि पोऱ्या, बास, जाहिरातीला आणखी काय पाहिजे. वॉटर्लू म्हणजे तेव्हा या इंजिनांचं आगरच होतं, गॅलोवे कंपनी तिथलीच, आणि वॉटर्लू गॅसोलीन इंजिन कंपनी तर १९१८ साली ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरने विकत घेतली. पुढे जॉन डिअरने स्वतःचं मॉडेल ई काढलं, दीड, तीन आणि सहा हॉर्सपॉवरचं, ते १९२३ पासून १९४६ पर्यंत बनत होतं. पोस्टाने कॅटलॉग यायचा सिअर्स रोबकचा, त्यात 'इकॉनॉमी' नावाचं इंजिन, जे पुढे इंडियानातल्या इव्हान्सव्हिलची हर्क्युलस कंपनी बनवून द्यायची. घरबसल्या इंजिन मागवा, रेल्वे स्टेशनवरून घोडागाडीत घालून घरी न्या. विहिरीचं पाणी, मका सोलणं, लाकडं कापणं, दुधातली साय काढणं, कपडे धुणं, एकच इंजिन लाकडी ढकलगाडीवर घालून या कामावरून त्या कामावर फिरवायचे.

मग वीज आली. १९३५ च्या आसपास इकडच्या दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती हे सांगितलं तर आपल्याकडे कुणाला पटत नाही, अमेरिका ना ती. १९३६ चा ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला, तारा पोचायला लागल्या, आणि एका बटणावर चालणाऱ्या मोटरसमोर हे धूड कोण हाताने फिरवत बसणार. पाठोपाठ युद्ध. १९४२ ला भंगार गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यात किती इंजिनं वितळली याला गणती नाही. जी वाचली ती बहुतेक जागची हलवायचा कंटाळा केला म्हणून वाचली. आळसाने वाचलेला वारसा, असं मी म्हणतो आणि बायको म्हणते, मग तो वाचवणाऱ्याच्याच गॅरेजमध्ये शोभतो.

माझं असंच एका पडक्या शेडखाली होतं. फ्लायव्हीलच्या आऱ्यांमधून एक झाड वर आलेलं, मनगटाएवढं, ते आधी कापावं लागलं. सायलेंसरमध्ये उंदराचं घर, इनटेकच्या तोंडाशी कुंभारमाशीने चिखलाच्या नळ्या बांधलेल्या, आणि पिस्टन सिलेंडरला इतका घट्ट धरलेला की दोन्ही एकाच ओतकामातून निघालेत असं वाटावं. हॉपर नशिबाने शाबूत होता. बऱ्याच इंजिनांचे हॉपर फुटलेले असतात, कारण यात रेडिएटर वगैरे भानगड नाही, वरच्या उघड्या हौदात पाणी ओतायचं, ते उकळून वाफ होऊन जातं, तेच कूलिंग. थंडीत एखाद्या रात्री पाणी काढायचं राहिलं की बर्फ होऊन लोखंड उभं चिरतं. म्हणून फुटका हॉपर दिसला की मला इंजिनापेक्षा त्या माणसाची सकाळ आधी दिसते.

अडकलेला पिस्टन सोडवणं हा पेशन्सचा धंदा आहे. प्रत्येकाचा काढा वेगळा, माझा ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं. ओतायचं, वाट बघायची, पुसायचं, परत ओतायचं. मग पिस्टनच्या डोक्यावर कडक लाकडाचा ठोकळा ठेवून घण, पण मारायचा नाही, नुसता वाजवायचा. बिडाला जोर चालत नाही, ते वाकत नाही, सरळ तुटतं. आठवडेच्या आठवडे काहीच होत नाही आणि एक दिवस ठोक्याचा आवाज बदलतो, टणटण होता तो ठस्स येतो, आणि पिस्टनच्या कडेला गंजाची एक बारीक लालसर रेघ दिसते जी काल नव्हती. केसाएवढा हलला. त्या रात्री जेवताना मी उगाच खूश असतो आणि घरात कुणाला कारण कळत नाही. त्यानंतर फ्लायव्हीलच्या चाव्या. पाचरीसारखी निमुळती, डोकं असलेली चावी, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हातोडा मारून बसवलेली, आणि ती काढताना डोकंच तुटलं की मग पुढचे दिवस कसे जातात ते न विचारलेलं बरं.

रंगाबद्दल आमच्यात दोन तट आहेत आणि ते एकमेकांच्या तंबूत चहा कॉफी पितात पण मनातून माफ करत नाहीत. एक तट सगळं खरवडून, आरशासारखा रंग मारून, पिवळ्या रेघा ओढून इंजिन नवरदेव करतो. दुसरा तट म्हणतो आहे त्या कपड्यांत राहू दे, मूळ रंगाचा कपचा जरी शिल्लक असेल तरी तेल चोळून जप. मी दुसऱ्यातला. कॅटलॉगमधलं इंजिन मला बघायचं नाहीये, शेतावरचं बघायचंय, असं मी आजवर मोठ्या तोऱ्यात सांगत आलो.

आणि शेतावरचं इंजिन मी चालवतो कसं? रिकामं.

तर त्या फेअरनंतर घरी आलो आणि हिवाळ्यात नेहमीप्रमाणे इंजिन खोललं. क्रँकचे मेन बेअरिंग यात बॅबिटचे असतात, म्हणजे तो पांढुरका मऊ धातू वितळवून थेट बिडाच्या खोबणीत ओतलेला. वरची टोपी आणि खालचा भाग यांच्यामध्ये शिमा, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, असतात, झीज झाली की एकेक शिम काढायची आणि टोपी खाली उतरवायची, फार अक्कलहुशारीचं डिझाईन आहे. पूर्वी जोडताना मी लक्षात घेतलं होतं की पुलीच्या बाजूचं बेअरिंग एका अंगाने जास्त खाल्लेलं आहे. तेव्हा मोजलं, वहीत लिहिलं, पुढे गेलो. या वेळी दिवा जवळ धरून बघत बसलो. झीज खाली नव्हती. फ्लायव्हीलच्या वजनाने व्हायची तर खाली व्हायला पाहिजे. ती होती आडवी, एका बाजूला, जिकडे पट्टा ओढत असणार तिकडे. कित्येक वर्षं कुठलं तरी एक ओझं कायम त्याच दिशेला, सोलणी असेल, पंप असेल, देव जाणे. नखाने चाचपली की कड लागते. पुलीचा मधला फुगवटाही पट्ट्याने घासून असा गुळगुळीत केलाय की गंजानेसुद्धा तिथे जरा बिचकत हात लावलाय.

मग खटका काढला. पोलादी पातं, बोटाच्या पेराएवढं, त्याची कड पुशरॉडवरच्या ठोकळ्यात अडकते. मला इंजिन मिळालं तेव्हाचे फोटो मी काढून ठेवलेत, प्रत्येक तुकड्याचे, ही सवय चांगली आहे. फोटोत त्या पात्याची कड बऱ्यापैकी काटकोनात दिसते. आता हातात होतं त्याची कड गोलसर झालेली, उजेडात चमकणारी. मध्यंतरी एकदोन वेळा खटका निसटून इंजिन विचित्र ठोके मारत होतं आणि मी गव्हर्नरची स्प्रिंग बदलत बसलो होतो, ते यामुळे असणार. म्हणजे हिशेब असा झाला की शेतावरच्या सगळ्या आयुष्यात या इंजिनाची बेअरिंग झिजली आणि खटका जवळपास कोरा राहिला, आणि माझ्याकडे आल्यापासून बेअरिंगला ओरखडा नाही पण खटका झिजला. अर्थात आधीच्या कुणी मालकाने पातं बदललंही असू शकेल, हे मी नाकारत नाही. पण ते दोन तुकडे बाकावर शेजारी शेजारी ठेवल्यावर मला जरा ओशाळल्यासारखं झालं. आम्ही म्हणतो जतन करतोय. करतोयच. पण शिवाय या लोखंडावर एक नवीन इतिहासही घासतोय, बसून राहण्याचा.

आता यावर कुणी म्हणेल की म्हाताऱ्या गड्याने बसून खाल्लं तर बिघडलं कुठे, आयुष्यभर राबला आहे. हा युक्तिवाद मी स्वतःशी बऱ्याचदा केला आणि तो मला आवडतोही. आमच्यातले निष्णात लोक तर इंजिन इतकं हळू चालवतात की बघताना श्वास अडकावा, वाटतं हे आता थांबलं, थांबलं, फ्लायव्हील कसंबसं वरच्या टोकाला येतं आणि तेवढ्यात धप्प. स्प्रिंगा सैल करून, व्हॉल्व्ह घासून, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या मिक्सरची सुई केसाने फिरवून ते साधावं लागतं, येरागबाळ्याचं काम नाही. नेमकं ज्या वेगाला शेतावर या इंजिनाने कधीच काम केलं नाही त्या वेगाला ते सगळ्यात सुंदर दिसतं, हेही खरं. या छोट्या इंजिनांचा कामाचा वेग मिनिटाला चार-पाचशे फेऱ्यांच्या घरातला, त्या वेगाला समोर उभं राहिलं तर थोडी भीती वाटते, आऱ्या दिसेनाशा होतात, सगळं ढकलगाडं थरथरतं.

ते मी बघितलं, कारण वसंतात एका लिलावात मक्याची सोलणी घेतली. एका भोकाची, हाताने फिरवायची, पण बाजूला पट्ट्याची पुली असलेली. रुंद सपाट पट्टा मिळवायला जास्त वेळ लागला, शेवटी पोर्टलंडला इंडियानात जो मोठा मेळा भरतो तिथे एकाच्या ट्रकच्या मागे गुंडाळी सापडली. खटक्याची कड घासून पुन्हा काटकोनात आणली होती. मिक्सरच्या तोंडावर तळहात धरून फ्लायव्हील ओढलं, दुसऱ्या की तिसऱ्या ओढीला धरलं, फुस्स फुस्स सुरू झालं, आणि पट्टा चढवून पहिलं कणीस सोलणीत टाकलं.

आवाज लगेच बदलला. मधली फुस्स गेली. धप्प धप्प धप्प, एकही चुकवायला तयार नाही, एक्झॉस्टचा सूर खाली उतरला, छातीत लागायला लागला. कणीस संपलं की दोन-तीन फुस्स, पुढचं टाकलं की परत सलग. दाणे खालच्या डब्यात ताशा वाजवल्यासारखे पडत होते, रिकामी बुरकुंडं दुसऱ्या बाजूने उडत होती, मक्याचा तो कोरडा धुरळा नाकात, गरम तेलाचा वास, पेट्रोलचा वास. थोड्याच वेळात हॉपरमधून वाफ यायला लागली. इतक्या वर्षांत मी या हॉपरमधून खरी वाफ बघितली नव्हती, प्रदर्शनात पाणी कोमट होतं फार तर. तेलाचे थेंब सोडणाऱ्या ऑइलरची काच बघितली तर थेंब नेहमीच्या हिशेबाने पडत होते आणि ते आता कमी वाटत होते, सुई थोडी उघडली. म्हणजे इतके दिवस मी जे सेटिंग वहीत "परफेक्ट" म्हणून लिहून ठेवलंय ते बेकार इंजिनाचं सेटिंग आहे. कामाच्या इंजिनाला तेल जास्त लागतं, पाणी लागतं, आणि शेजारी सतत एक माणूस लागतो, खुर्चीवर बसून होत नाही.

मजा आली का? आली, पण फुस्स फुस्स ऐकताना जी येते ती नाही. त्यात एक आराम आहे, बाळ झोपलंय आणि आपण बघतोय तसं. सोलताना मी इंजिनाकडे बघितलंच नाही फारसं, कणसं संपत आली का, पट्टा सरकतोय का, डबा भरला का, याच्याकडेच लक्ष. आजोबा आले आणि इंजिनाकडे न बघता नुसतं ऐकत उभे राहिले त्याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं, आता वाटत नाही. कामाला लावलेल्या इंजिनाकडे कोण बघत बसणार.

यंदा एका मेळ्यात सोलणी घेऊन गेलो. पोरांनी गर्दी केली, कणसं टाकायला रांग लावली, आयांनी बोटं सांभाळा म्हणून आरडाओरडा केला. पण जे खरे इंजिनवाले आहेत ते थोडा वेळ उभे राहिले आणि पुढे सरकले, पलीकडे एकाचं सहा हॉर्सपॉवरचं अगदी मरगळल्यासारखं सुंदर चाललं होतं तिकडे. एकाने जाताना प्रेमाने सल्ला दिला की पट्टा काढ रे, आवाज बिघडतोय. दुपारी कणसं संपली तेव्हा मी काढलाही. स्प्रिंग सैल केली, खुर्ची ओढली आणि फुस्स फुस्स ऐकत बसलो, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. दोन्ही ठेवणार आहे मी, यात तत्त्व वगैरे काही नाही. फक्त दर हिवाळ्यात खटका आणि बेअरिंग दोन्हींचे फोटो काढून शेजारी लावायचे असं ठरवलंय, बघू कोण पुढे जातं ते.

सध्या पाण्याच्या पंपाच्या मागे आहे. विहिरीवरच्या दांड्याचा, इंजिनाला जोडून वर-खाली होणारा. शेजारच्या शेतकऱ्याने फुकटात दिला, घेऊन जा आणि जागा मोकळी कर म्हणाला. गिअर चांगले आहेत, पण आतली चामड्याची वायसर पार कडक होऊन तुकडे पडलेत. जाड चामडं आणून कोमट तेलात भिजत घातलंय, उद्या-परवा कापून बघतो.